वाचकांचे प्रश्न : गणवेश उतरवल्यानंतरची मुलाखत

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे एकाच वळणावर उभ्या असलेल्या माणसांची आहेत. सैन्यातील सेवा संपली आहे किंवा संपत आली आहे, आणि आता खासगी कंपनीच्या मुलाखतीला सामोरे जायचे आहे. प्रस्तुत लेखकाने काही वर्षे गणवेशात पुरवठ्याचे काम केले आणि त्याहून अधिक वर्षे टेबलाच्या पलीकडे बसून उमेदवारांच्या मुलाखती घेतल्या, त्यामुळे दोन्ही बाजूंना होणाऱ्या चुका त्याने जवळून पाहिल्या आहेत. त्यांतील काही त्याच्या स्वतःच्याच आहेत. पत्रे जागेअभावी थोडक्यात दिली आहेत.

प्रश्न : मी पायदळातून हवालदार म्हणून निवृत्त झालो. सतरा वर्षांच्या सेवेतील शेवटची चार वर्षे माझ्याकडे युनिटच्या वाहनांची, म्हणजे एमटीची, जबाबदारी होती. गोदाम आणि वितरण विभागात पर्यवेक्षकाच्या जागेसाठी तीन कंपन्यांत मुलाखती दिल्या. तिन्ही ठिकाणी मला अत्यंत आदराने वागवले गेले. एका ठिकाणी तर सगळे उठून उभे राहिले. पण पुढे बोलावणे कोठूनच आले नाही. ‘स्वतःविषयी सांगा’ असे म्हटले की मी माझी पलटण, नेमणुका, केलेले कोर्स आणि मिळालेली पदके सांगतो. माझ्याकडचे काम नेहमी वेळेवर होत असे, हेही सांगतो. मी कोठे कमी पडतो?
ता. क. एकदा सुट्या भागांचा पुरवठा दोन महिने अडकला होता, तेव्हा गाड्यांचे वेळापत्रकच बदलून मी काम भागवले होते. हे मुलाखतीत सांगण्यासारखे आहे का, तेही कळवावे.

उत्तर : हवालदारसाहेब, आपल्या पत्रातील सर्वांत मोलाचे वाक्य ताजा कलमात आहे, आणि तेच आपण तिन्ही मुलाखतींत सांगितले नाही.

आपल्यासाठी जे लोक उठून उभे राहिले, त्यांनी आपल्या सेवेला मान दिला, आणि तो मनापासूनचा असणार. पण खुर्चीत परत बसल्यावर त्यांना निराळाच प्रश्न सोडवायचा होता : सोमवारी सकाळी गोदामात सहा ट्रक उभे आहेत, दोन चालक आलेले नाहीत आणि माल दुपारपर्यंत पोहोचायचा आहे, अशा वेळी हा माणूस काय करील? पलटणीचे नाव, नेमणुकांची ठिकाणे आणि पदके यांतून या प्रश्नाचे उत्तर त्यांना मिळत नाही, कारण आपले जग मोजण्याचे माप त्यांच्याजवळ नाही. हवालदाराच्या हाताखाली किती माणसे असतात, एमटी म्हणजे दोन जीप की चाळीस ट्रक, कोर्स तीन दिवसांचा होता की तीन महिन्यांचा, यांतले काहीच त्यांना ठाऊक नसते. बँकेतून किंवा दुसऱ्या कारखान्यातून आलेल्या उमेदवाराला ते हे सर्व खोदून विचारतात. सैन्यातून आलेल्या माणसाला मात्र विचारत नाहीत. काहींना संकोच वाटतो, काहींना आपले अज्ञान उघडे पडेल अशी भीती वाटते. मग जे विचारले गेले नाही ते ‘नाही’ असेच धरले जाते.

शब्दही दगा देतात. सैन्यात ‘कंपनी’ म्हणजे साधारण शंभर ते दीडशे माणसांची तुकडी. ‘मी दोन वर्षे कंपनी सांभाळली’ असे एका उमेदवाराने सांगितले, तेव्हा शेजारच्या मनुष्यबळ अधिकाऱ्याने मला कानात विचारले की यांचा स्वतःचा उद्योग होता का. ‘एक्सरसाइज’ म्हटले की समोरच्याच्या डोळ्यांपुढे सकाळची कवायत उभी राहते. ती दोन हजार माणसांची दहा दिवसांची हालचाल असते, हे आपण सांगितल्याशिवाय त्याला कळणार कसे? तेव्हा एमटी हा शब्द सोडावा आणि ‘वाहन ताफा’ म्हणावे. हुद्द्याऐवजी माणसांची संख्या सांगावी.

आता ‘काम नेहमी वेळेवर होत असे’ हे वाक्य घ्या. ते खरे असेल, पण त्यात माणूस दिसत नाही, अडचण दिसत नाही आणि आकडा दिसत नाही. हल्लीच्या मुलाखतीत ‘एखादा प्रसंग सांगा’ अशी सुरुवात करून जे प्रश्न येतात, त्यांना परिस्थिती, आपली जबाबदारी, आपण केलेली कृती आणि तिचा परिणाम या क्रमाने उत्तर द्यावे, असे सर्वत्र शिकवले जाते. व्यवस्थापनाच्या भाषेत त्याला ‘स्टार’ पद्धत म्हणतात. गंमत अशी की असे प्रश्न विचारण्याच्या प्रथेची एक मुळी सैन्यातच सापडते. जॉन फ्लॅनगन हे मानसशास्त्रज्ञ दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्कराच्या हवाई दलासाठी वैमानिकांच्या निवडीचे काम करीत होते. ‘चांगला वैमानिक कसा असतो’ असे विचारले की गुणांची पोकळ यादी मिळते, आणि ‘अमुक उड्डाणात नेमके काय घडले, कोणी काय केले’ असे विचारले की उपयोगाची माहिती मिळते, हा त्या कामातला अनुभव होता. त्यातून तयार झालेली निर्णायक प्रसंगांची पद्धत त्यांनी १९५४ साली सविस्तर मांडली, आणि पुढच्या काही दशकांत नोकरीच्या मुलाखतींचे प्रश्न तिच्या आधाराने बेतले जाऊ लागले. म्हणजे समोरचा माणूस आपल्याला जो प्रश्न विचारतो, तो मुळात आपल्यासारख्यांच्याच कामाचा अभ्यास करताना घडला आहे.

आपला ताजा कलम मी त्या साच्यात बसवून दाखवतो. तपशील आणि आकडे माझे, कल्पनेतले आहेत. आपण आपले खरे घालावेत.

‘माझ्याकडे ३८ गाड्या आणि ४४ चालक होते. रोज किमान ३० गाड्या रस्त्यावर जाण्याजोग्या ठेवणे ही माझी जबाबदारी होती. ब्रेकचे सुटे भाग दोन महिने येणार नाहीत असे कळले, तेव्हा मी मेकॅनिकला बरोबर घेऊन प्रत्येक गाडीच्या ब्रेकची झीज मोजली. दोन गाड्यांची झीज मर्यादेपलीकडे गेली होती. त्या मी बंद केल्या आणि वरिष्ठांना लेखी कळवले. आणखी नऊ गाड्या मर्यादेच्या आत, पण काठावर होत्या. त्यांना सपाट रस्त्यावरच्या जवळच्या फेऱ्या दिल्या आणि घाटाचे काम उरलेल्या २७ गाड्यांकडे ठेवले. तपासणी महिन्याऐवजी दर आठवड्याला सुरू केली. दोन महिन्यांत एकही फेरी रद्द झाली नाही आणि ब्रेकमुळे एकही अपघात झाला नाही.’

हे सांगायला एक मिनिट लागते. वितरणाचे काम स्वतः केलेला कोणी मंडळात असेल, तर तो बहुधा बंद ठेवलेल्या दोन गाड्यांपाशी थांबेल आणि विचारील, ‘त्या चालवा असा वरून आग्रह झाला नाही का?’ तेथून आपली खरी मुलाखत सुरू झाली असे समजावे. असे चार-पाच प्रसंग आपल्याजवळ नक्की असतील : एक टंचाईचा, एक माणसांतील भांडणाचा, एक हिशेबातील तफावतीचा आणि एक फसलेला. प्रत्येकाचे आकडे आधी वहीत लिहून काढावेत. पदकांसाठी बायोडेटातील एक ओळ पुरे.

प्रश्न : दहा वर्षांच्या सेवेनंतर मी मेजर म्हणून सैन्यातून बाहेर पडलो. एका उत्पादन कंपनीच्या तिसऱ्या फेरीनंतर मला नकार कळवताना ‘आपले वैयक्तिक योगदान स्पष्ट झाले नाही’ असे कारण देण्यात आले. आमच्याकडे ‘मी’ म्हणणाऱ्याला कोणी चांगले म्हणत नाही. यशाचे श्रेय तुकडीचे आणि अपयशाची जबाबदारी अधिकाऱ्याची, हे अंगात मुरलेले आहे. खोटी बढाई न मारता ‘मी’ कसे म्हणावे?

उत्तर : या दुखण्यातून मी स्वतः गेलो आहे. सेवेतून बाहेर आल्यावरच्या माझ्या पहिल्याच मुलाखतीत मी पुराच्या काळात केलेल्या साहित्यपुरवठ्याचे वर्णन दहा-बारा मिनिटे केले. ‘आम्ही’ बोटी मिळवल्या, ‘आम्ही’ रस्ता शोधला, ‘आम्ही’ रात्रभर माल उतरवला. मंडळातील एका ज्येष्ठ बाईंनी ते सर्व शांतपणे ऐकून घेतले आणि मग विचारले, ‘त्या आठवड्यात आपण रजेवर असता, तर यातले काय वेगळे घडले असते?’ मला उत्तर सुचले नाही. ती नोकरी मिळाली नाही, पण तो प्रश्न मी जपून ठेवला आणि पुढे टेबलाच्या पलीकडे गेल्यावर अनेक उमेदवारांना विचारला.

आपणही आपल्या प्रत्येक प्रसंगाला हाच प्रश्न विचारून पाहावा. मी रजेवर असतो तर बोटी आल्याच असत्या, माल उतरलाच असता. पण औषधे आणि धान्य एकाच खेपेत पाठवण्याचा आधीचा बेत कायम राहिला असता आणि औषधे अर्धा दिवस उशिरा पोहोचली असती. तो बेत मी बदलला होता. एवढीच गोष्ट माझी होती, आणि तेवढीच सांगायला हवी होती. श्रेय आणि निर्णय या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. श्रेय तुकडीला देऊनही निर्णय आपला म्हणून सांगता येतो. ‘औषधे आधी पाठवायची असे मी ठरवले; भर पावसात ती चार तासांत पोहोचवली ती माझ्या माणसांनी’ या वाक्यात बढाई कोठे आहे?

यात आपल्या भाषेचाही थोडा दोष आहे. अहवाल लिहून लिहून आपल्या जिभेला ‘करण्यात आले’ची सवय लागलेली असते. ‘परिस्थितीचा आढावा घेण्यात आला, योग्य ती कार्यवाही करण्यात आली, साहित्य पोहोचवण्यात आले.’ या प्रयोगात कर्ता नाहीसा होतो, आणि मुलाखत घेणारे तर त्याच्याच शोधात बसलेले असतात. घरी बसून आपला एक प्रसंग ध्वनिमुद्रित करावा आणि ‘करण्यात आले’ कितीदा येते ते मोजावे. त्या प्रत्येक जागी ‘कोणी?’ असे विचारले की वाक्य आपोआप सरळ होते : मी ठरवले, मी नकार दिला, मी दुसऱ्या विभागाकडे मदत मागितली, सुभेदारांनी सुचवले आणि मी मान्य केले. यातले शेवटचे वाक्य मला व्यक्तिशः फार आवडते, कारण दुसऱ्याची सूचना मान्य करणे हासुद्धा निर्णयच असतो आणि तो सांगायला फार थोडे उमेदवार धजावतात.

आपण विचारलेले नाही, पण याच अनुषंगाने ‘आपले एक अपयश सांगा’ या प्रश्नाविषयी लिहितो, कारण अधिकारी तेथे हमखास घसरतात. एक तर ‘मी अतिपरिश्रम करतो’ असले नकली अपयश सांगतात, किंवा सगळी जबाबदारी शिरावर घेऊन गप्प बसतात. दुसरे वागणे सैन्याच्या रीतीला शोभणारे आहे. मंडळाच्या हाती मात्र त्यातून काही लागत नाही. येथे आपल्याजवळ एक तयार साधन आहे. अमेरिकी लष्कराने १९७० च्या दशकात सरावांसाठी कृतीनंतरच्या आढाव्याची एक पद्धत बसवली आणि पुढे ती इतर सैन्यांत आणि मोठ्या कंपन्यांतही पसरली. त्या आढाव्यात हुद्दा बाजूला ठेवून चार गोष्टींचा विचार होतो : काय घडायला हवे होते, प्रत्यक्षात काय घडले, फरक का पडला, आणि पुढच्या वेळी काय बदलायचे. आपले अपयश याच चार पायऱ्यांनी सांगावे. चौथ्या पायरीवर ‘मी शिकलो’ एवढ्यावर थांबू नये; बदललेली पद्धत नंतर कधी वापरली आणि तिचे काय झाले, तेही सांगावे.

प्रश्न : मी अभियंता दलात अधिकारी होते. एका मुलाखतीत मला विचारले गेले, ‘तुमच्याकडे हुकूम दिला की काम होते. इथे माणसे नाही म्हणतात. तुम्हाला जमेल का?’ मला राग आला आणि तो चेहऱ्यावर दिसला असावा. या प्रश्नाला काय उत्तर द्यायला हवे होते?

उत्तर : राग येणे स्वाभाविक आहे, पण प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा चित्रपटातला सेनाधिकारी असतो, त्याच्यावर रागावून उपयोग नाही. त्याचबरोबर ‘सैन्यातही सर्वांच्या मताने काम चालते’ असे गुळगुळीत उत्तर देऊ नये, कारण ते खोटे आहे आणि ऐकणाऱ्यालाही ते कळते. सैन्यात आज्ञाभंगाला कायद्याने शिक्षा आहे. कंपनीत नाराज माणूस राजीनामा देऊन नोटिशीच्या मुदतीत निघून जातो. हा फरक मोठा आहे आणि तो आपण आधी मोकळेपणाने मान्य करावा. मान्य केले की पुढचे बोलणे ऐकले जाते.

पुढे सांगण्यासारखे पुष्कळ आहे. नेपोलियनने १८०६ साली प्रशियाच्या सैन्याचा धुव्वा उडवला, त्यानंतर त्या सैन्यात ज्या सुधारणा झाल्या त्यांतून हळूहळू एक विचार घडत गेला, आणि पुढे सेनापती मोल्टके यांच्या काळात तो पक्का झाला : वरिष्ठाने काय साधायचे आणि का, हे स्पष्ट सांगावे, कसे साधायचे ते जागेवरच्या कनिष्ठाने ठरवावे. आज अनेक देशांच्या सैन्यांत हे अधिकृत तत्त्व आहे, कारण रणांगणावर वरिष्ठाला सगळे दिसत नाही आणि संपर्कही तुटतो. अर्थात मुलाखतीत मोल्टकेंचे नाव घेण्याची गरज नाही. घेतलेच तर आपण पाठ करून आलो आहोत असे वाटेल. त्याऐवजी आपल्या सेवेतील पहिले वर्ष आठवावे.

प्रत्येक तरुण अधिकाऱ्याच्या वाट्याला ते वर्ष येते. वय बावीस-तेवीस, खांद्यावर नवे तारे, आणि हाताखाली वीस वर्षांची नोकरी झालेला, पूल कसा बांधतात हे आपल्यापेक्षा कितीतरी चांगले जाणणारा ज्येष्ठ सहकारी. तो ‘हो साहेब’ म्हणतो आणि काम मात्र होत नाही, किंवा होते पण त्याच्या पद्धतीने. हुकूम देऊन फक्त ‘हो साहेब’ मिळते. काम मिळवायचे तर त्याच्याकडे जाऊन बसावे लागते, त्याला आधी विचारावे लागते आणि कधीकधी त्याचे ऐकून आपला बेत मोडावा लागतो. ज्या कारखान्यात वीस वर्षे यंत्र चालवणारा फोरमन आहे, तेथे हा अनुभव जसाच्या तसा लागू पडतो. आपण अभियंता दलात होता, तेव्हा असा प्रसंग आपल्याकडे असणारच. तो माणूस काय म्हणाला, आपण काय म्हणालात, शेवटी काय ठरले, हे बारकाईने सांगावे. कोणी अगदी थेट नकार दिला होता असा प्रसंग असेल तर आणखी उत्तम.

प्रश्न : नौदलातील पंधरा वर्षांच्या सेवेनंतर एका कंपनीच्या निवड प्रक्रियेत गटचर्चेला बसलो. सुरुवातीला सगळे एकदमच बोलत होते. मी सूत्रे हाती घेतली, प्रत्येकाला दोन मिनिटे वाटून दिली, वेळ संपताच थांबवले आणि शेवटी निष्कर्षही मांडला. चर्चा शिस्तीत पार पडली. तरीही निवड झाली नाही. हे कोडे उलगडत नाही.

उत्तर : चर्चा शिस्तीत पार पडली हे मान्य. इतरांना ती आपली वाटली का, हा खरा प्रश्न आहे.

नेता न नेमता गटाला काम द्यायचे आणि बाजूला बसून निरीक्षण करायचे, ही कल्पनाही सैन्यातूनच आली. ब्रिटनमध्ये १९४२ साली अधिकारी निवडीसाठी नवी मंडळे स्थापन झाली. केवळ मुलाखतीवर केलेली निवड वारंवार फसत होती, म्हणून तेथे मानसोपचारतज्ज्ञांची मदत घेण्यात आली. विल्फ्रेड बायन हे त्यांतले एक. त्यांनी नेता नसलेल्या गटाची ही चाचणी सुचवली. निरीक्षकांनी कोण पुढे होतो एवढेच पाहू नये, असा त्यांचा आग्रह होता. निवड होण्यासाठी उमेदवाराला स्वतः चमकायचे असते आणि त्याच वेळी गटाचे काम पुरे करण्यासाठी इतरांना वाव द्यायचा असतो. या ओढाताणीत तो कसा वागतो, हे बायन यांना पाहायचे होते. युद्धानंतर अशा चाचण्या उद्योगांत आल्या. अमेरिकेतील एटी अँड टी या दूरध्वनी कंपनीने १९५६ पासून आपल्या व्यवस्थापकांचा दीर्घ अभ्यास केला, त्यातही त्या वापरल्या गेल्या, आणि तेथून त्या इतर कंपन्यांत पसरल्या.

तेव्हा आपल्या चर्चेकडे त्या नजरेने पाहू. आपण वेळ वाटून दिला. तो सर्वांना विचारून की जाहीर करून? दोन मिनिटे झाल्यावर ज्याला थांबवले, त्याचा मुद्दा अर्धवट राहिला होता का, आणि आपण पुन्हा त्याच्याकडे वळलात का? शेवटच्या निष्कर्षात इतरांची वाक्ये त्यांच्या श्रेयासह आली का? पत्रात आपण चर्चेचा विषय काय होता हेसुद्धा लिहिलेले नाही, म्हणजे आपले सगळे लक्ष व्यवस्थेवर होते. व्यवस्था लावणे हा गुण आहे आणि तो सोडू नये. पुढच्या वेळी मात्र ‘प्रत्येकाला दोन मिनिटे दिली तर चालेल का?’ असे विचारून, होकार मिळेपर्यंत थांबावे, आणि वेळ पाहण्याचे काम दुसऱ्या कोणाला द्यावे. मग आपल्याला विषयावर बोलायला मोकळीक मिळेल.

प्रश्न : माझे बरेचसे काम गोपनीय स्वरूपाचे होते. ठिकाणे, यंत्रणा, मोहिमा यांविषयी बोलता येत नाही. मग मुलाखतीत बोलू काय?

उत्तर : काम कोठे केले आणि कशावर केले हे झाकून, ते कसे केले हे सांगता येते. किती माणसांच्या गटात होता, बिघाड दुरुस्त करायला किती अवधी मिळत असे, चुकीची माहिती आणि खरी माहिती वेगळी करताना कोणती शिस्त पाळत होता, नवख्यांना किती आठवड्यांत तयार केले, हे सहसा सांगता येण्यासारखे असते. काय सांगता येईल आणि काय नाही, हे सेवेतून बाहेर पडण्यापूर्वीच संबंधित कार्यालयाकडून शक्यतो लेखी समजून घ्यावे. गोपनीयतेचे बंधन गणवेशाबरोबर उतरत नाही. मंडळाने अधिक खोदले तर ‘यापुढचा तपशील सांगण्याची मला मुभा नाही’ हे एक वाक्य शांतपणे बोलून गप्प राहावे. त्याला गूढतेची फोडणी देऊ नये. ‘सांगितले तर तुम्हाला धक्का बसेल’ असे म्हणणाऱ्या एका उमेदवाराचे नाव मी तेथेच खोडले होते. ज्या कंपनीला स्वतःची गुपिते जपायची असतात, तिला आपला साधा नकार फार बोलका वाटतो.

‘तुम्ही कधी कोणाला मारले आहे का’ असा प्रश्न काही महाभाग विचारतात, असे दोन वाचकांनी कळविले आहे. त्याचा कामाशी संबंध नाही आणि उत्तर देण्याचे बंधन आपल्यावर नाही. ‘त्याविषयी मी बोलत नाही, तणावाखाली काम करण्याविषयी विचारायचे असेल तर एक प्रसंग सांगतो’ एवढे पुरे.

प्रश्न : माझे पती वीस वर्षांच्या सेवेनंतर मुलाखतींची तयारी करीत आहेत. आरशासमोर उभे राहून बोलतात. मी शिक्षिका आहे. मला सैन्यातले किंवा कंपन्यांतले काही कळत नाही. माझी त्यांना काही मदत होऊ शकेल का?

उत्तर : आपल्याला सैन्यातले काही कळत नाही, म्हणूनच आपण या कामाला योग्य आहात. आरसा कधी ‘म्हणजे काय?’ असे विचारत नाही. त्यांचे जुने सहकारीही विचारणार नाहीत, कारण त्यांना सगळे अर्ध्या शब्दात कळते. मुलाखत घेणारा माणूस आपल्याइतकाच अनभिज्ञ असतो. फरक एवढाच की तो भिडेपोटी मान डोलावतो.

त्यांना आरशासमोरून उठवून आपल्यासमोर खुर्चीवर बसवावे. एका वेळी एकच प्रसंग, घड्याळ लावून दोन मिनिटे. हाती वही घ्यावी आणि तीनच गोष्टी टिपाव्यात : न समजलेला प्रत्येक शब्द, ‘आम्ही’ किंवा ‘करण्यात आले’ ऐकून कोणी केले ते कळले नाही अशी प्रत्येक जागा, आणि आकडा हवा होता पण आला नाही अशी प्रत्येक जागा. मध्येच थांबवू नये. संपल्यावर वही पुढे करावी. वीस वर्षे ज्याच्या बोलण्यात कोणी हात घातला नाही अशा माणसाला पहिले दोन-तीन दिवस हे जड जाईल आणि घरात थोडी धुसफूसही होईल. वर्गातल्या हुशार पण हट्टी मुलाला आपण जसे सांभाळून घेता, तसे येथेही घ्यावे. चार दिवसांनी प्रसंग बदलावा, आणि आठवड्याच्या शेवटी, त्यांनी न सांगता, आपणच त्यांच्या कामाचे वर्णन त्यांना करून दाखवावे. ते ऐकताना त्यांनी कोठेही ‘तसे नाही गं’ म्हटले, की त्या जागी वहीत खूण करावी आणि दुसऱ्या दिवशीचा सराव तेथून सुरू करावा.